दोन टिंबांचा उच्चार

“…मग या दोन टिंबांचा मी ‘अ’ केला, तर चुकलं कुठं?”

एझ्रा चेऊलकरनं वही हासाजीकाकांपुढे सरकवली.

हिब्रूत स्वर अक्षरांखाली टिंबा-रेघांनी दाखवतात. तीन वर्षं खपून त्यानं स्तोत्रांमधलं एकेक टिंब देवनागरीत उतरवलं होतं. पुस्तक छापायला जायचं होतं. रेवदंड्याच्या हासाजीकाकांचा होकार तेवढा राहिला होता. काका सिनगॉगमध्ये प्रार्थना सांगत. एझ्राला पहिलं अक्षर त्यांनीच गिरवायला दिलं होतं.

“आता कुणाला गुरू लागायचा नाही,” एझ्रा म्हणाला.

काकांनी वही उघडलीच नाही. ओटीवर बसलेल्या रहेलबाईंच्या हातात दिली.

उद्या त्यांच्या नवऱ्याला, पिन्हासला, जाऊन वर्ष होत होतं. भाऊबंद सगळे इस्राएलला गेलेले. कबरीपाशी स्तोत्र म्हणायला त्या एकट्याच, आणि हिब्रूचं तर अक्षरही येत नव्हतं.

“उद्याचं स्तोत्र वाचा, वहिनी,” काका म्हणाले.

“पल्गे मायिम यार्दू…”

“थांबा!” एझ्रा ताडकन म्हणाला. “या-र-दू! ‘र’खाली ती दोन टिंबं आहेत, तो पुरता म्हणायचा. मी पुरताच लिहिलाय.”

रहेलबाईंनी वहीत पाहिलं. मग त्याच्याकडे.

“तू भाकरी कशी म्हणतोस रे? भा-क-री?”

एझ्रानं ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. भाक्री. जन्मभर भाक्रीच म्हणत आला होता. लिहिताना मात्र ‘क’ पुरता.

“अर्थ काय त्या ओळीचा?” त्यांनी विचारलं.

“पाण्याचे लोट उतरले… माझ्या डोळ्यांतून.”

रहेलबाईंनी पदर सारखा केला. मग हळूच म्हणाल्या, “यार… दू.”

काकांनी नकारार्थी मान हलवली.

“या… रदू.”

पुन्हा तीच मान.

एझ्रा न राहवून त्यांच्यासमोर जाऊन बसला. “माझ्या तोंडाकडे बघा, वहिनी. या… र… दू.”

“या… र… दू.”

काकांनी डोळे मिटले. मान या खेपेला हलली नाही.

एझ्रानं वही उचलली, धूळ नसताना झटकली.

“म्हणजे… छापू नको म्हणता, काका?”

“छाप की,” काका म्हणाले. “समोर बसून ऐकणार कोण, तेवढं सांग.”