विणकराचा सारीपाट

नदीकाठच्या एका गावात एक म्हातारा विणकर आणि त्याची बायको राहत होती. बायकोची दृष्टी ऐन तरुणपणी गेली. तेव्हा विणकराने मुद्दाम तिच्यासाठी एक सारीपाट विणला. त्यातल्या प्रत्येक घराची कड जाड सुताची होती. बोट फिरवलं की घर कळायचं. एक घर मात्र विणताना वाकडं झालं. ते हाताला लागलं की ती म्हणे, "इथे तुमचं लक्ष माझ्याकडे होतं वाटतं." मग दोघंही हसत. रोज संध्याकाळी एक डाव व्हायचाच. तिला खेळता येईल असा तेवढा एकच खेळ होता.

एके दिवशी गावात खेळघर उघडलं. आत शंभर खेळ मांडलेले होते. दर पौर्णिमेला पायलीभर धान्य द्यायचं आणि हवा तो खेळ हवा तितका खेळायचा. जो आपल्या घरचा खेळ देऊन टाकेल, त्याला वर्षभर धान्य माफ. झालं, गाव तिकडे लोटलं. लोकांनी पाट दिले, सोंगट्या दिल्या, पोरींच्या बाहुल्यासुद्धा सोडल्या नाहीत.

खरं सांगायचं तर विणकरालाही रोजच्या त्याच डावाचा कंटाळा आला होता. त्याने पाट गुंडाळून काखेत घेतला.

बायको म्हणाली, "अहो, नुसता दाखवायला न्या. देऊन टाकू नका."

"अगं, तो जातोय कुठे? तिथेच तर असणार. रोज जाऊ आणि रोज मागून घेऊ."

मला इथे विणकराचा राग येतो, पण त्याच्या जागी आपण असतो तरी हेच केलं असतं.

सुरुवातीला झालंही तसंच. विणकर नवे नवे खेळ खेळे, ती पाट मांडून त्याची वाट बघत बसे, आणि घरी निघण्याआधी दोघांचा एक डाव होई. वर्ष सरलं, धान्य सुरू झालं. पोटाला चिमटा काढून तेही त्यांनी दिलं.

मग एका संध्याकाळी पाट जागेवर नव्हता. खेळघराच्या मालकाने सांगितलं की तो खेळ आता काढून टाकलाय. तुम्ही दोघंच तर तो मागत होतात, जागा उगाच अडून राहिली होती, अजून नव्व्याण्णव खेळ आहेत की. विणकर म्हणाला, "तो मी माझ्या हातांनी विणलाय."

"आणि तुमच्याच हातांनी मला दिलाय, आजोबा."



मालक तसा दुष्ट नव्हता. म्हातारी रिकामी बसू नये म्हणून त्याने कवड्यांची एक नवी थैली तिच्या हातात दिली आणि एकी-बेकी खेळायला सांगितलं. तिने थैली चाचपली. तिची बोटं एका जागी थांबली, पुढे गेली, पुन्हा तिथेच आली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे आपलं वाकडं घर आहे."

पाट कापून त्याच्या थैल्या शिवल्या होत्या.

विणकराने तेवढी एक थैली तरी द्या म्हणून हात जोडले. मालकाने नियम सांगितला. इथली वस्तू उंबऱ्याबाहेर जात नाही, आज तुम्हाला दिली तर उद्या सगळे मागतील. निघताना दारावरच्या माणसाने हात पुढे केला. म्हातारीने थैलीवरून एकदा अंगठा फिरवला आणि ती त्याच्या हातावर ठेवली.

घरी येऊन विणकराने माग झटकला. पण आता हात थरथरत होते. आठवडाभर खपून चार बोटं कापडही सरळ निघालं नाही. शेजारी साधा पाट मागावा, तर तो कुणाच्याच घरात उरला नव्हता.

अजूनही दिवस मावळला की ती चटईवर येऊन बसते. बोटं चटईवरून फिरत राहतात. "आता तुमचं दान," ती म्हणते. तो समोर बसलेला असतो, आणि त्याच्या हातात काही नसतं.

तात्पर्य: शंभर खेळ मिळतात म्हणून आपला एक देऊन टाकू नये. दुसऱ्याच्या घरातली वस्तू त्याची मर्जी असेपर्यंतच आपल्याला दिसते, आणि मर्जी फिरली की ती आपली होती हे सांगूनही उपयोग नसतो.