फणसाची मुदत

फार पूर्वी डोंगरातल्या एका गावात बांधकामाचा एक नियम होता, आणि तो लिहिलेला नसला तरी सगळ्यांना पाठ होता. कुणी घर, बंधारा किंवा पूल बांधला की त्याच्याशेजारी फणसाची आठळी पुरायची. बांधणाऱ्याने तिच्यावर ओंजळभर पाणी घालायचं. त्या झाडाचं पहिलं फळ मुठीएवढं होईपर्यंत बांधकामात खोट निघाली तर बांधणाऱ्याने ती स्वतःच्या पदरचं घालून नीट करायची. त्यानंतर मात्र त्याला कुणी काही विचारायचं नाही.

नियम चांगला होता. गवंड्याला म्हातारपणी कुणी दारातून ओढून नेत नसे आणि गावालाही तक्रार करायला पुरेशी वर्षं मिळत.

गावाच्या मधून एक ओढा वाहायचा. त्यावर एका नावाजलेल्या मिस्त्रीने दगडी साकव बांधला. आखणी त्याचीच आणि बांधणीही त्याचीच. काठावर आठळी पुरली, मिस्त्रीने ओंजळ घातली, पंचांनी त्याला फेटा बांधला.

त्या गावात एका कासाराची मुलगी होती. बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती रोज साकवावरून पलीकडच्या वाडीत जायची. पहिल्या पावसाळ्यानंतर तिच्या लक्षात आलं की, साकवाच्या मधोमध आलं की टोपलीतल्या बांगड्या आपोआप किणकिणतात. ती थांबून उभी राहिली तरी किणकिणतात. खालून पाणी वाहत होतं आणि मधला खांब थरथरत होता.

तिने पंचांना सांगितलं.

"नवं बांधकाम आहे, बसतंय जागेवर," मोठे पंच म्हणाले. "तू तुझ्या बांगड्या सांभाळ."

पुढच्या वर्षी साकवाच्या शिळांमध्ये फट पडली. पंचांनी मिस्त्रीला निरोप धाडला. मिस्त्री नारळ घेऊन आला, सगळ्यांच्या पाया पडला आणि फटीत चुना भरून म्हणाला, "पाणी ओसरलं की खांबाचं बघतो."

पाणी ओसरलं. मिस्त्री आला, पण खांबाकडे गेला नाही. बरोबर आणलेलं शेणखत त्याने फणसाच्या मुळाशी घातलं, दोन घागरी पाणी ओतलं आणि पंचांकडे पानसुपारी खाऊन परत गेला. त्यानंतर तो दरवर्षी असाच येत राहिला. फट रुंदावली की चुना, झाड वाढलं की खत.

"किती मायाळू माणूस," पंच म्हणायचे. "साकव बांधून झाला, तरी झाडाची काळजी घेतोय."

"झाडाचीच घेतोय," मुलगी म्हणाली. "ते लवकर फळावं म्हणून. तुम्हाला कसं दिसत नाही?"

"पोरी, मोठ्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"मग साकव पडला की त्याच्याबद्दल बोलू का?"

पंच पानसुपारीकडे वळले. बायका मात्र साकवाच्या मधोमध आल्या की मुलांचे हात घट्ट धरू लागल्या.

अशी वर्षं गेली. एका थंडीत फणसाच्या खोडावर पहिलं फळ दिसलं, करंगळीएवढं. मुलगी थेट पंचांकडे गेली.

"आता चावडीवर बोलवा त्याला. मुदत संपत आली."

"त्याच्या मुलीचं लग्न आहे या महिन्यात," एक पंच म्हणाले. "शुभकार्यात विघ्न कशाला?"

"त्याच्या मुलीची वरात कुठल्या साकवावरून जाणार आहे? आपल्या की धड असलेल्या?"

दुसरे पंच हसले, मोठ्या पंचांनी डोळे वटारले तसे गप्प झाले. मग मोठे पंच तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "एवढी काळजी वाटते तर एक सांगतो. ते फळ खुडून टाक. कुणाला कळणार आहे? आणखी एक वर्ष मिळेल, भांडणही नको."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी सुचवलेला हा पहिलाच उपाय होता, आणि तो चोरीचा होता.

"मी फळाला हात लावणार नाही," ती म्हणाली. "तो खत घालून झाड पळवतोय आणि तुम्ही फळ खुडून ते थांबवताय. मग नियम कुणासाठी आहे? आपल्याकडे मुदत होती. ती तुम्ही पानसुपारीत घालवली. जी उरलीय ती मी वापरणार."

"तक्रार पंचांनी करायची असते."

"नाही आजोबा. ज्याचा पाय बांधकामावर पडतो त्याने करायची असते. नियम मलाही पाठ आहे. माझा पाय रोज पडतो."

ती चावडीवर गेली आणि तिने घंटा बडवली. हात दुखेपर्यंत बडवली. लोक जमले, मिस्त्रीला बोलावणं गेलं. लग्नाच्या गडबडीतून आठ दिवसांनी तोही आला, नेहमीसारखा नारळ घेऊन आणि हसत. मुलीने सगळ्यांसमोर खांबाची तक्रार मांडली.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "पण झाड तर फळलं. मी येतानाच पाहिलं. फळ मुठीएवढं झालंय."

सगळे फणसाकडे धावले. एवढ्या दिवसांत फळ थोडं वाढलं होतं खरं. मिस्त्रीने गर्दीतल्या एका बाईच्या कडेवरच्या बाळाची मूठ हलकेच धरून फळाशेजारी नेली. दोन्ही सारखीच दिसली.

"मूठ कुणाची, हे नियमात कुठे आहे?" मिस्त्री म्हणाला. पंचांनी माना डोलावल्या. त्यांना सुटल्यासारखं वाटलं.

"ज्या हाताने ओंजळ घातली त्या हाताची," मुलगी म्हणाली. "नाहीतर ओंजळ तरी बाळाकडून का नाही घालून घेतली? मिस्त्री, मूठ वळा."

मिस्त्रीने हात मागे घेतला.

"वळा की," गर्दीतली ती बाळाची आईच म्हणाली.

त्याने मूठ वळली. दगड फोडून फोडून ती नारळाएवढी झाली होती. शेजारचं फळ एकदम सुपारीसारखं दिसू लागलं आणि लोक हसायला लागले. मोठ्या पंचांनाही मान्य करावं लागलं की मुदत शिल्लक आहे.

मुलीने मिस्त्रीच्या हातातला नारळ घेतला आणि साकवाच्या काठावरच्या पहिल्या शिळेवर ठेवून सोडला. नारळ स्वतःच गडगडत मधोमध गेला, फटीत ठेचाळला आणि ओढ्यात पडला.

माणसं खाली उतरली. त्यांनी मधल्या खांबाच्या बुडाशी खणलं. खाली कातळ नव्हता. नुसते गोटे आणि वाळू. कातळ हातभर अंतरावर बाजूलाच होता, पण खांब तिथे घ्यायचा तर लांब शिळा लागल्या असत्या.

"आखणीच तशी होती," मिस्त्री पुटपुटला.

"आखणी कुणाची?" मुलीने विचारलं.

 

खांब पाडून कातळावर नवा बांधायचा, असं ठरलं. लग्न आटोपल्यावर मिस्त्रीने माणसं आणली, वरच्या शिळा काढल्या. खांब पाडायला पहारी लागतील असं सगळ्यांना वाटत होतं. दोघांनी नुसता खांदा लावला आणि तो कोसळला. आवाज ऐकून काठावरच्या बायकांनी आपापली मुलं जवळ ओढली. पंच खाली मान घालून उभे होते.

नवा खांब होईपर्यंत लोकांना ओढ्यातून चालत जावं लागलं. पाणी गुडघ्याएवढं आणि थंडगार होतं. मोठे पंच धोतर वर धरून, कुरकुरत पाण्यात उतरले. पुढे कासाराची मुलगी टोपली घेऊन चालली होती.

"काम झालं ते ठीक," ते म्हणाले. "पण चारचौघांत त्याचा मान ठेवायला हवा होतास. जरा गोड बोलली असतीस, तरी झालं असतं."

"गोड बोलायला तुम्ही होतात की," ती मागे न बघता म्हणाली. "गोड बोलण्यात फणस फळायला आला."

"आणि आम्हा म्हाताऱ्यांना या वयात हे पाणी तुडवायला लावलंस."

"तुडवा," मुलगी म्हणाली. "यात फक्त पाय भिजतात."

तात्पर्य: न्याय मागायला मुदत असते, भीड बाळगायला नसते. म्हणून मुदत संपण्याआधी भीड संपवावी. आणि मोठी माणसं थांब म्हणाली, तर ती कुणासाठी थांबायला सांगताहेत, ते आधी विचारावं.