जांगड आणलेला राणीछाप

"पण बाबा, नुसतं बघून हो किंवा नाही म्हणायला तुमचं काय जातंय?"

निसारबाबा चुलीवरच्या चहात आलं ठेचून टाकत होते.

विचारणारा प्रभंजन देवधर. शहरात औषधांचं दुकान, गळ्यात भिंग, आणि राणीछाप रुपये जमवायचा नाद लागून उणंपुरं वर्ष. तेवढ्यात त्यानं पुस्तकं वाचून काढली होती, फोनवर दिसतील तेवढी नाणी पाहून टाकली होती. आता शिकायचं फारसं उरलं नाही, फक्त कुणा मोठ्या माणसानं पाठीवर हात ठेवायचा राहिलाय, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. निसारबाबांचा शिष्य म्हटलं की नाण्यांच्या बाजारात बसायला खुर्ची मिळते. म्हणून तर सकाळीच केसांना ताजा कलप लावून तो डोंगरपायथ्याच्या तकियावर, बाबांच्या चिंचेखालच्या मुक्कामी, हजर झाला होता.

बाबा एके काळचे नाण्यांचे पारखी, आता फकीर. एका अधेलीसाठी, म्हणजे जुन्या अर्ध्या रुपयासाठी, त्यांनी इतकी वाट पाहिली म्हणतात, की विकणारा म्हातारा होऊन गेला, त्याचा मुलगा म्हातारा झाला, आणि शेवटी नातवानं कंटाळून ती अधेली स्वतःच्या रिक्षाभाड्यानं आणून दिली. तेव्हा बाबांनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "घाई कसली आहे?" सांगणाऱ्यांवर किती विश्वास ठेवायचा ते ज्यानं त्यानं ठरवावं. नातवाला मात्र अजून त्यांचं नाव काढलं की उचकी लागते.

प्रभंजननं मूठ उघडली. तळव्यावर रुपया चमकला.

"सुगनचंद शेठकडून जांगड आणलाय. पसंत पडला तर पैसे द्यायचे, नाही तर दिवे लागायच्या आत जसाच्या तसा परत. ह्या सालचा कुठं दिसत नाही, बाबा. शेठ म्हणतात, दुसरं गिऱ्हाईक टपलेलं आहे."

बाबांनी चहा गाळला.

पैसे प्रभंजनच्या खिशात तयार होते. ते खरं तर दुकानातल्या फ्रिजचे होते. जुना फ्रिज आठवडाभर कण्हत होता, आतलं इन्सुलिन कधी नासेल याचा नेम नव्हता. "थेट फ्रिजवाल्याकडं जा, मधे कुठं रेंगाळू नका," असं बायकोनं बजावून पाठवलं होतं. तो रेंगाळला नव्हता. थेट सुगनचंदांकडं गेला होता.

"चकाकी बघा ना! सव्वाशे-दीडशे वर्षांचा असून काल टांकसाळीतून पडल्यासारखा."

"इतकी वर्षं कुठं होता?"

"कुणाच्या तरी तिजोरीत असणार."

"तू गेला होतास तिथं?"

प्रभंजन हसला. बाबा हसले नाहीत, म्हणून त्यानंही आवरतं घेतलं.

"घेऊ की नको? एवढंच सांगा."

बाबांनी चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला. रुपयाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मूठ मीट. बस."

"किती वेळ?"

"चहा निवेपर्यंत."

"पिऊ का?"

"तू प्यायलास तर तो निवेल कसा?"

…

प्रभंजन बसला. कपातून वाफ निघत होती. बाबा खाटेवर आडवे झाले आणि डोळे मिटले.

"मुठीत धरून काय कळणार, बाबा? नाणं बघायचं असतं."

"बघितलंस ना?"

"सकाळपासून तेच करतोय."

"मग आता राहू दे."

फोन वाजला. सुगनचंद शेठ.

"देवधरसाहेब, जालन्याची पार्टी आलीय हो. दुकानात बसलीय. काय ते एकदा सांगा."

"शेठ, थोडं थांबा…"

"मी थांबतो साहेब, पार्टी थांबेल का?"

फोन बंद झाला. चहाची वाफ चालूच होती. इतका उशिरा निवणारा चहा त्यानं जन्मात पाहिला नव्हता. चिंचेचं एक पान कपात पडलं. त्यानं एकदा जालन्याच्या पार्टीला मनात शिव्या घातल्या, एकदा बाबांना. मूठ आणखी घट्ट आवळली. तळहाताला घाम सुटला, बोटांच्या फटींतून मनगटावर आला.

कपाळावरची माशी हाकलायला त्यानं तीच मूठ वर नेली… आणि हात नाकाशीच थबकला.

लवंग.

त्यानं पुन्हा हुंगलं. लवंग, आणि तिच्यामागं कापूर. हा वास तर तो रोज घेत होता. त्याच्याच दुकानात, गल्ल्याशेजारच्या फळीवर, डब्यांची रांग होती…

त्यानं मूठ उघडली, भिंग डोळ्याला लावलं. सकाळपासून तो अक्षरं पाहत होता, साल पाहत होता. आता त्यानं राणी पाहिली. गाल नको इतका गुळगुळीत. केसांच्या बटा एकमेकींत विरलेल्या. सगळ्या अंगावर एकाच दिशेनं गेलेल्या बारीक रेघा. आणि कानाशी, केसांच्या खाचेत, घामानं भिजलेला गुलाबी दंतमंजनाचा कण.

चहावर साय धरली होती.

फोन पुन्हा वाजला.

"बोला साहेब, पक्का ना?"

"शेठ, जांगड परत. तासाभरात आणून देतो."

"अहो, अस्सल माल आहे!"

"अस्सलच आहे. पण मंजनानं फार घासलाय, किंमत गेली."

"चकाकी तरी बघा!"

"बघितली."

त्यानं रुपया रुमालात ठेवला. घासला नाही, पुसलाही नाही. पहिल्यांदाच त्यानं नाणं कडेनं धरलं होतं.

"बाबा, तुम्हाला लांबूनच कळलं होतं?"

"मी बघितलाच कुठं?"

"मग बसवलंत कशाला?"

"चहा गरम होता."

प्रभंजननं निवलेला चहा, पानासकट, एका घोटात संपवला. खिसा चाचपला. पैसे होते. उठला, दोन पावलं गेला, परत आला आणि खाटेशी उकिडवा बसला.

"बाबा… मला शिष्य करून घ्या."

बाबा उठून बसले. त्याच्या गळ्यातलं भिंग त्यांनी हातात घेतलं, दोरी ओढून त्याला जवळ आणला. कपाळ पाहिलं. गाल पाहिला. हनुवटी धरून मान उजेडाकडं वळवली आणि बराच वेळ कानाशी पाहत राहिले.

"कलप राहिलाय इथं…"

प्रभंजनचा हात कानाकडं गेला. बाबांनी तो धरून खाली केला.

"असू दे. तुला जांगड ठेवतो."