वाटीत उरलेल्या चुका

फार जुनी गोष्ट आहे. मुलांनी ऐकावी आणि मोठ्यांनीही. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. तिथे एक कोष्टीण राहत असे. तिचा माग मोडला, हाताला काम उरले नाही, तेव्हा ती गावातल्या म्हाताऱ्या मधपाळाकडे गेली आणि म्हणाली, "बाबा, मला मधमाश्या पाळायला शिकवा."

म्हाताऱ्याची नजर अधू झाली होती. त्याच्याकडे माश्यांची एकच वसाहत उरली होती, तीही फुटक्या पेटीत. तो म्हणाला, "नव्या पेटीच्या चौकटी तू जोड. जमल्या तर माश्या तुझ्या."

माश्या पोळे बांधतात ती, पेटीत टांगायची चार पट्ट्यांची चौकट त्याने तिला जोडून दाखवली. मग वाटीत मोजून चुका दिल्या, म्हणजे बारीक खिळे. "वरून चूक मारलीस की दोन्ही बाजूंनी आडवीही मार. सगळा मध वरच्या पट्टीला लटकतो. आडवी चूक नसली, तर उचलताना पट्टी हातात येते आणि पोळे खाली पडते."

कोष्टिणीला धास्ती होती ती मेणपत्र्याची. चौकटीत ताणलेली तार तापवून तिच्यावर मेणाचा पातळ पत्रा बसवायचा. तार जास्त तापली तर पत्रा चिरत जाई, कमी तापली तर चिकटत नसे. एक पत्रा तडकला आणि ती घाईघाईने दुसरा बसवू लागली. त्या गडबडीत पुढच्या चौकटीला काय ठोकले, काय राहिले, तिला कळलेच नाही.

संध्याकाळी कोष्टिणीच्या अंगणात फुटक्या पेटीतल्या माश्या नव्या पेटीत आल्या. म्हातारा समाधानाने घरी गेला.

सकाळी ओटा झाडताना तिला वाटीत चुका उरलेल्या दिसल्या. कुठली तरी चौकट कच्ची राहिली होती. सांगावे, तर बाबा म्हणतील हिला साधे ठोकताही येत नाही, आणि माश्या परत नेतील. तिने वाटी मडक्यामागे सरकवली.

"पोरी, सगळं ठीक ना?" तेवढ्यात आलेल्या म्हाताऱ्याने विचारले.

"हो बाबा."

उद्या सांगू, असे तिने ठरवले. पण उद्या माश्या पत्र्यावर घरे बांधू लागल्या. आता हलवले तर बिथरतील, असे तिला वाटले. मग डोंगरावर जांभळी फुलल्या आणि पेटी दिवसेंदिवस जड होत गेली. ती पेटीला कान लावून बसे. आतला गुणगुणाट वाढला की तिला मधाने जड होत चाललेली ती कच्ची पट्टी आठवे.

एके दिवशी म्हातारा म्हणाला, "चल, मध बघू."

त्याने पेटी उघडली. पहिली चौकट सुखरूप वर आली. दुसरीला त्याने हात घातला, तशी ती म्हणाली, "थांबा बाबा. यातली एक कच्ची आहे. कुठली, ते माहीत नाही. मला पहिल्या सकाळपासून ठाऊक होतं."

म्हाताऱ्याने हात मागे घेतला. त्याने पट्टी बोटाने हळूच दाबली. ती करकरली.

"हीच. खालून हात धर."

तिने उघडे हात माश्यांमध्ये घातले. त्या डसल्या, पण तिने हात काढले नाहीत. तरी अर्धे पोळे तुटून पडलेच. मध वाहिला, पिल्ले मेली, कितीतरी माश्या चिरडल्या. राणीमाशी कुठे दिसेना, आणि राणीवाचून वसाहत टिकत नाही. दोघे ऊन कलेपर्यंत बसून राहिले. मग उरलेल्या पोळ्याभोवती माश्या गोळा झाल्या आणि त्यांच्यात राणी दिसली.

"माश्या परत नेणार का?" तिने विचारले.

"नाही. तू सांगितलंस म्हणून अर्धं पोळं सावरलं आणि राणी वाचली. पण पत्रा रिकामा होता तेव्हा सांगितलं असतंस, तर हातोडीचे दोन ठोके पुरले असते."

उरलेला मध माश्यांसाठीच ठेवावा लागला. त्या वर्षी गावात ना बाळंतिणीला मध मिळाला, ना खोकणाऱ्या म्हाताऱ्यांना. असे का झाले, ते कोष्टिणीने स्वतः घरोघर जाऊन सांगितले.

चूक दिसते त्या दिवशी हलकी असते. लपवली की तिचे ओझे रोज वाढत जाते.