सोनखताच्या गाड्या आणि मेथीचे मडके

फार मागच्या काळी शोणवती नगरीत राजा विमलसेन राज्य करीत असताना, नगरापासून तीन कोसांवरच्या निंबग्रामात बोधिसत्त्वाने कुंभाराच्या घरी जन्म घेतला. नगर मोठे, खाणारी तोंडे पुष्कळ, त्यामुळे गटारांचा गाळही पुष्कळ. राजाचे लोक तो कुंडांत साठवून वाळवीत आणि गाड्या भरभरून आसपासच्या गावांना फुकट देत. शेतकरी त्याला सोनखत म्हणत आणि त्यात काही खोटे नव्हते. चांगला गाळ पडलेल्या शेतात वांगी अशी लगडत की झाडे वाकून जमिनीला टेकत.

पण सगळाच गाळ चांगला नसे. शेजारच्या गावाने एकदा आनंदाच्या भरात न बघताच गाड्या रिकाम्या करून घेतल्या, तर तिथे तीन वर्षे धड गवतही उगवले नाही आणि विहिरीच्या पाण्याला धातूची चव आली. तेव्हापासून निंबग्रामाने एक रीत पाळली होती. आलेल्या खेपेच्या गाळाने एक मडके भरायचे, त्यात मेथी पेरायची आणि ती दोन पानांवर येईपर्यंत गाड्या शिवेबाहेर उभ्या ठेवायच्या. मेथी आली तर गाड्या आत, नाही तर आल्या वाटेने परत. मडके राखायचे काम बोधिसत्त्वाकडे होते. त्याचे कारण सांगायला कुणी लाजत नसे. साऱ्या गावात त्या एकट्यालाच शेत नव्हते, मग त्याला खताची हाव कुठून सुटणार?

एके वर्षी पेरणीच्या तोंडावर वीस गाड्या घेऊन पिंगलक नावाचा राजाचा अधिकारी आला. उत्सव जवळ आला होता आणि त्याआधी नगराची कुंडे रिकामी करायचा त्याला हुकूम होता.

"राजानं दिलेली वस्तू गावानं तपासायची, ही कुठली पद्धत?" तो म्हणाला.

"दिली राजानं, आर्य, पण तिच्यातून पिकलेलं आम्ही खाणार," बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला.

पिंगलकाने त्याला बाजूला घेतले. "मडकं हिरवं झालं असं आजच सांग. तुला ओलिताची पाच बिघे जमीन देववतो."

बोधिसत्त्व मनापासून हसला. "जमीन मिळाली की मलाही खताची हाव सुटेल, आर्य. मग तुमच्या गाड्या अडवायला गावाला दुसरा कुंभार शोधावा लागेल."

हे ऐकून पिंगलकालाही हसू आवरले नाही. पण गाड्या शिवेबाहेरच राहिल्या आणि मडके भरून मेथी पेरली गेली.

त्या गावात मंदारिका नावाची एक म्हातारी होती. तिला एक नात आणि एक शेत. दोन वर्षे शेताने तिला काही दिले नव्हते. यंदाही पिकले नाही तर नातीला घेऊन नगरात कुणाच्या तरी घरी धुणीभांडी करायला जावे लागणार, हे तिला दिसत होते. दुसऱ्या दिवशी भर दुपारी बोधिसत्त्व भट्टी लावण्यात गुंतलेला पाहून तिने मडक्यातला गाळ काढला, आपल्या शेतातली माती भरली आणि घरची भिजवलेली मेथी पेरली.

पाचव्या दिवशी मडके हिरवेगार. गाव नाचू लागले, कुणी ढोल आणला, गाडीवान दोर सोडू लागले. बोधिसत्त्वही आनंदाने पुढे झाला, वाकला आणि तसाच थांबला. मेथीच्या दाटीतून लव्हाळ्याचा एक कोंब वर आला होता. लव्हाळ्याचे तण शेतातल्या मातीतल्या गाठींतून फुटते, कुंडात वाळवलेल्या गाळातून नाही.

"ही मेथी आपल्याच गावच्या मातीत उगवली आहे," तो म्हणाला. "माती कुणाच्या शेतातली, ते मला विचारायचं नाही. मडकं पुन्हा भरू."

मंदारिका पुढे आली. "माझ्या शेतातली रे बाबा. मला धीर धरवला नाही."

लोक तिला वाटेल ते बोलू लागले. बोधिसत्त्वाला तिची दया आली. "गाळ वाईट निघाला तर आजीचंही शेत मरणारच," तो म्हणाला. "तिला गावाचं वाईट करायचं नव्हतं, पोट भरायचं होतं. चूक माझीही आहे. वीस गाड्यांना मी एकच मडकं लावलं. आता वीस लावू, आणि आजी, राखायला तू माझ्याबरोबर बस."

मडक्यांना कुंभाराकडे काय तोटा? प्रत्येक गाडीचे वेगळे मडके झाले आणि गाडी नगरातल्या कुठल्या आळीतून आली त्याची खूण मडक्यावर केली. मंदारिका पाखरे हाकीत दिवसभर तिथे बसे. चार दिवसांनी सतरा मडकी हिरवी झाली आणि तीन जशीच्या तशी राहिली. तिन्ही तांबट आळीची होती, जिथे भांडी उजळण्याचे विषारी पाणी गटारात सोडत.

तीन गाड्या परत गेल्या. सतरा वाजतगाजत गावात आल्या आणि पहिली मंदारिकेच्या शेतात रिकामी झाली. राजाच्या कानावर हे गेले तेव्हा तो प्रसन्न झाला. त्याने तांबट आळीचे गटार वेगळे करवले आणि गावाच्या मडक्याने होकार दिल्याशिवाय कुठल्याही शिवेत गाडी न्यायची नाही, अशी दवंडी पिटवली.

मंदारिकेला त्या वर्षी टोपल्या पुरल्या नाहीत, इतकी वांगी झाली. पुढच्या पेरणीला पिंगलक स्वतः गाडी घेऊन थेट तिच्या बांधाशी आला. "आजी, तुझ्यासाठी निवडून आणलाय. मी स्वतः पाहिलाय, गाळ चांगला आहे."

"तू पाहिलास, बरं झालं," म्हातारी म्हणाली. "गाडी शिवेबाहेर लाव आणि मेथी येईपर्यंत चार दिवस माझ्याकडे जेव."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्या बोधिसत्त्वाने, भिक्खुणींच्या विहारात सांगितली. तिथले कोठार सांभाळणाऱ्या वृद्ध सुमुखेने दानात आलेले किडके धान्य न पाहताच रांजणात ओतले होते आणि ती खाली मान घालून बसली होती. शास्ते म्हणाले, "तेव्हाची मंदारिका म्हणजे ही सुमुखा. पिंगलक म्हणजे ते धान्य घाईने देऊन गेलेला व्यापारी. निंबग्रामाचे लोक म्हणजे हा संघ, आणि तो कुंभार मी होतो. सुमुखे, त्या जन्मी तुला चारच दिवसांत समजले होते. या जन्मीही समजेल." सुमुखा हसली, उठली आणि सूप घेऊन रांजणाशी जाऊन बसली. दान हात जोडून घ्यावे आणि पारखूनही घ्यावे, आणि पारखताना कुणाला तोडू नये, हीच त्या कुंभाराची प्रज्ञापारमिता, म्हणजे शहाणपणाची परिपूर्णता होय.