केरसुणी, पंखा आणि पारखशास्त्री

तुळसाने केरसुणी उचलली आणि तिच्या जन्माचा निकाल लागला.

चांदगिरीच्या राजा मानधवलांच्या राज्यात नवी परीक्षा निघाली होती. काढली होती दरबारच्या पारखशास्त्र्यांनी. नगरातलं एकेक मूल बंद खोलीत एकटं सोडायचं. आत पोथी, तलवार, तराजू, नांगर, केरसुणी आणि पंखा मांडलेला. मूल ज्याला पहिला हात लावील, ते त्याचं पुढचं काम. पोथी धरली तर पाठशाळा, तलवार धरली तर फौज, आणि पंखा धरला तर राजेसाहेबांच्या मागे उभं राहून जन्मभर वारा घालायचा. शास्त्रीबुवा जाळीआडून बघत आणि निकाल देऊन मोकळे होत. उभा जन्म संसार केलेल्या नवराबायकोला एकमेकांचा अंदाज येत नव्हता, पण शास्त्रीबुवांना माणूस कळायला अर्धी घटका पुरे होई.

पाठशाळेत जायचं तर पोथी उचलायची, हे नगरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शेटजींनी तर आपल्या मुलांकडून घरी तालीम करून घेतली होती.

तुळसालाही ठाऊक होतं. ती भिवा बुरुडाची मुलगी. पाठशाळेच्या भिंतीला लागूनच भिवाचं दुकान होतं. आतली मुलं धडे घोकत आणि बाहेर तुळसा बांबू सोलता सोलता ते पाठ करी. तिला पाठशाळेत बसायचं होतं. दुसरं काही नको होतं.

ती खोलीत शिरली ती थेट पोथीकडे गेली. पाहते तर पोथी जमिनीवर, तिच्यावर धूळ, भोवती पोरांनी पायाने आणलेली माती. एवढ्या घाणीत पोथी उघडायची कशी? म्हणून तिने आधी केरसुणी घेतली.

"झाडूवाली!" जाळीआडून आवाज आला. "पुढचं मूल पाठवा."

हत्तीखान्यात झाडलोट करायची, असा हुकूम संध्याकाळपर्यंत घरी आला. तुळसा खूप रडली. मग तोंड धुतलं, आणि सकाळी बाप राजवाड्यात सुपं द्यायला निघाला तेव्हा त्याच्या मागोमाग गेली. बाप मुदपाकखान्याकडे वळला. तुळसा वळली नाही. ती सरळ दरबारात जाऊन उभी राहिली.

तिने सगळी हकिगत सांगितली. शास्त्रीबुवा हसले आणि म्हणाले की निकाल लागल्यावर कारणं सगळ्यांनाच सुचतात. परीक्षा कधी चुकत नाही.

"मग म्हाराजांची घ्या की," तुळसा म्हणाली.

 राजाला गंमत वाटली. आपण काय करू याचा पत्ता कुणाला लागत नाही, याची त्याला मोठी घमेंड होती. राणीसाहेब पुरणपोळीचा बेत सांगत तेव्हा हा मुद्दाम झुणका मागे.

"घेऊ," राजा म्हणाला. "पण मी काय उचलीन ते तू आधी सांगायचं. बरोबर आलं तर तू म्हणशील ते. चुकलं तर जन्मभर हत्तीखाना, आणि पाठशाळेच्या भिंतीलासुद्धा टेकायचं नाही. आहे कबूल?"

मुद्दाम उलटं वागणाऱ्या माणसाचं मन ओळखायचं कसं?  पण तुळसा म्हणाली, "कबूल. पर परीक्षा पोरांची घेत्यात तशीच घ्यायची. खोली बंद, आत येकटं."

"त्यात काय!"

"आन् येळ माझ्या मनाची. भर दुपारची."

तेही मान्य झालं. तुळसाने आपलं उत्तर राणीसाहेबांच्या कानात सांगितलं. राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला.

वैशाखातली दुपार. राजा खोलीत गेला, दार लागलं, पंखेवाला बाहेर राहिला. जाळीआड शास्त्रीबुवा, राणीसाहेब आणि तुळसा.

राजा मोठ्याने विचार करू लागला. पोरीने तलवार सांगितली असणार, तेव्हा तलवार नाही. पण हे मला कळेल हे तिलाही कळलं असेल, मग तिने पोथी सांगितली असेल. पोथीही नको. नांगर? आपण नांगर उचलणार नाही असं तिला वाटेल, म्हणून नांगरच उचलावा. पण तेच तिने ताडलं असेल तर? कपाळावरून घाम निथळू लागला. तराजूपाशी तो थांबला, परत फिरला, तलवारीभोवती एक चक्कर मारली. शेवटी त्याचा चेहरा उजळला.

"ठरलं!" तो ओरडला. "मी नांगर उचलतो!"

"म्हाराज," जाळीआडून तुळसा हळूच म्हणाली, "तुमच्या हातात काय हाय?"

राजाने खाली पाहिलं. त्याच्या हातात पंखा होता. मघापासून तो स्वतःला वारा घालत होता.

राणीसाहेबांना हसू आवरेना. तुळसाने पंखाच सांगितला होता, असं त्यांनी कसंबसं सांगितलं.

"पण तुला कळलं कसं?" राजाने विचारलं.

"तुमच्या मनातलं मला काय कळतंय? मला उकाडा कळतो. म्या धूळ बघून केरसुनी घेतली, तुम्ही घामाघूम होऊन पंखा. आता मी हत्तीखान्यात जाते, पर तुम्ही वारा कुनाला घालनार?"

राजा खो खो हसत सुटला. पंखा तसाच हलवत त्याने हुकूम दिला की ही मुलगी आजपासून पाठशाळेत बसेल आणि तिची पहिली पोथी या खोलीतलीच.

"आणि ही खोली इतकी घाण कशी?" त्याचा आवाज एकदम चढला.

शास्त्रीबुवा धावतच आत आले. राजेसाहेबांच्या नजरेस केर पडू नये म्हणून त्यांनी हाताला लागली ती वस्तू उचलली आणि भराभरा झाडायला लागले.

त्यांच्या मागोमाग तुळसा आत आली आणि तिने पोथी पदराने पुसून छातीशी धरली. मग केरसुणीकडे पाहिलं, शास्त्रीबुवांकडे पाहिलं.

"म्हाराज," ती म्हणाली, "हत्तीखान्यात मानूस लागनार व्हता न्हवं?"

राजा इतका हसला की त्याच्या हातातला पंखा अखेर खाली पडला.