मायावनातला नवरंग
एका राज्यात तीन वर्षे सिंहासन रिकामे होते. राणी कनकलेखा वक्रकेतू मांत्रिकाच्या शापाने नवरंग पक्षी होऊन मायावनात अडकली होती. तिला ओळखून नावाने हाक मारावी, तर ती माणसात येईल. भलत्याच पाखराला हाक मारावी, तर हाक मारणाऱ्याचा दगड होईल. वनात आजवर तेरा दगड झाले होते.

चौदावी निघाली हिराई. राजोद्यानातली पाखरे तीच सांभाळी. पण या वनात तिचा झाडाच्या पानावरही विश्वास नव्हता.

वाटेवरच पहिला नवरंग भेटला. हिरवी पाठ, निळे खांदे, डोळ्यांवर काळी पट्टी. मधाळ स्वरात म्हणाला, "मीच राणी. हाक मार." हिराईने त्याला चारी बाजूंनी न्याहाळले. खऱ्या नवरंगाला शेपटीखाली असतो, तो लाल रंगच नव्हता. ती पुढे गेली.

ओढ्याकाठी दुसरा बसला होता. त्याचे रंग नऊच्या नऊ होते. "दमलीस ना, बाई? मला हाक मार आणि घरी जा."

एवढी माया कशासाठी, असे हिराईच्या मनात आले. "जरा चालून दाखव," ती म्हणाली. तो वाळल्या पाचोळ्यावरून चालला, पण एक पान वाजले नाही.

तिसरे पाखरू बांबूच्या बेटात पाचोळा उलथून किडे टिपत होते. पाने खसखसत होती. हिराईला पाहताच ते मागे सरले.

"मी राणी नाही. ज्याने तुला पाठवले, त्याला तसे सांग."

"मी आपणहून आले."

"वक्रकेतूची माणसेही असेच सांगत येतात. मागे एकदा मी 'हो' म्हणाले, तर त्यांनी माझा पंख छाटला."

हिराईने पाहिले. डावा पंख अर्धाच होता. तरी तिचे मन कचरले. हाही मांत्रिकाचाच डाव असला तर? पण पाखराच्या छातीची धडधड तिला दिसत होती. अशी भीती तिने जाळ्यातल्या पाखरांत पाहिली होती.

"महाराणी कनकलेखा," तिने हाक मारली.

दगड होण्याची वाट पाहत तिने डोळे मिटले. उघडले, तेव्हा पाचोळ्यात एक स्त्री बसली होती, बोटांना माती लागलेली. वनातले तेरा दगड अंग झटकून उठले. तिकडे वक्रकेतूची वाचा गेली. पुन्हा त्याला मंत्र म्हणता आला नाही.

राणी नगरात परतली. वेशीवर दासीने पाण्याचा तांब्या पुढे केला. राणीने तो हातात घेतला, दासीकडे पाहिले आणि हिराईला म्हणाली, "आधी तू पी."

हिराई दोन घोट प्याली. तिला काही झाले नाही हे पाहून मग राणी प्याली.